‘नोटिस केलं’वाल्यांनो, इंग्रजीतल्या या चुका टाळा

इंदूरला सुदामानगरात घरीच संध्याकाळच्या बॅचेस घेते, इंग्रजीच्या. बारा वर्षं झाली आणि सगळ्यात जास्त रक्त कुठल्या शब्दापायी आटलं असेल तर ते ‘नोटिस’पायी. अवघड शब्दांचं बरं असतं, मुलं घाबरून डिक्शनरी तरी उघडतात. नोटिस काय, सगळ्यांना येतोच! म्हणून तो कोणी शिकतच नाही.

आपल्याकडचा घोळ कुठून सुरू होतो ते आधी सांगते. घरात मराठी, गल्लीत हिंदी, त्यामुळे ‘मैंने नोटिस किया’चं आपण बिनधास्त ‘मी नोटिस केलं’ करून टाकलं. बोलायला काही हरकत नाही, मीपण बोलते. पण मग तेच इंग्रजीत उतरतं, ‘आय डिड नोटिस’, नाहीतर ‘आय हॅव डन नोटिस’. यातलं दुसरं सरळ कचऱ्यात. पहिलं व्याकरणात बसतं पण त्याचा सूर वेगळा, म्हणजे कोणी म्हणालं की तुझं लक्षच नव्हतं, तर त्यावर आपण ठसक्यात ‘होतं हो, आलं होतं लक्षात’ म्हणतो ना, ते झालं ‘आय डिड नोटिस’. साधं सांगायचं असेल तर ‘आय नोटिस्ड’, बास.

आणि गंमत बघा, शुद्ध मराठीत आपण हे बरोबरच बोलतो. माझ्या लक्षात आलं, माझं लक्ष गेलं, नजरेस पडलं. यात ‘मी’ काही करतच नाहीये, ते आपलं आपण होतंय. इंग्रजी नोटिसही असंच आहे, क्षणात होणारं, बटण दाबल्यासारखं. ‘करणं’ चिकटवलं की ते काम वाटायला लागतं, आणि काम म्हटलं की माणूस ते तासन्‌तास करायला बसतो. ‘आय नोटिस्ड द गेर फॉर टू अवर्स’ असं एकानं रंगपंचमीच्या निबंधात लिहिलं होतं (गेर म्हणजे आमच्याकडची रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक). अरे बाबा, दोन तास तू गेर बघितलीस, ते वॉच. त्या गर्दीत तुझे मास्तर रंगात न्हाऊन नाचताना एकदम दिसले, ते नोटिस. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे भुट्ट्याच्या किसाची नवी गाडी नजरेस पडली तर नोटिस, आणि जिलबी तळताना टक लावून उभे राहिलात तर वॉच.

यातूनच ‘आय ॲम नोटिसिंग’ येतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं ऑफिसात टीम लीडर बाईंना मेल टाकला, ‘आय ॲम नोटिसिंग यू सिन्स मेनी डेज’. बिचाऱ्याला म्हणायचं होतं की तुमचे मेल रात्री बारा बारा वाजता येतात, थोडं काम माझ्याकडे द्या. आता त्या बाईंनी काय समजायचं! ‘आय हॅव नोटिस्ड दॅट युवर मेल्स कम लेट ॲट नाइट’ लिहिलं असतं तर कौतुक झालं असतं, इथे खुलासा द्यावा लागला. एक गोष्ट वारंवार लक्षात येत असेल तर ‘आय हॅव बीन नोटिसिंग’ चालतं, पण ते जमेपर्यंत माझ्या बॅचमध्ये त्याला बंदी आहे. शॉर्टकटवाल्यांना वरच्या मजल्याचं फर्निचर आधी हवं असतं, जिना नंतर.

आता माझी स्वतःची फजिती. लोकमान्यनगरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली मालक काका-काकू, माणसं भली, पण घराचा सगळा कारभार अमेरिकेतल्या मुलाच्या हातात, काही सांगायचं तर त्याला ईमेल, तोही इंग्रजीत. पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल आली. मी झोकात लिहिलं, ‘आय वॉन्ट टू गिव्ह यू नोटिस रिगार्डिंग द बाथरूम वॉल’. मला वाटलं फॉर्मल झालं, छान झालं. चौथ्या दिवशी सकाळी पोहे परतत होते, दारात नवरा-बायको उभे, “फ्लॅट खाली हो रहा है ना, देखने आए हैं.” मागून काकू जिना चढत, डोळ्यांत पाणी, “अगं, बाथरूमवरून घर सोडता का कुणी? आधी आम्हाला तरी सांगायचंस.” पोहे करपले ते वेगळंच.

झालं असं की ‘गिव्ह नोटिस’ म्हणजे सोडून जात असल्याचं रीतसर कळवणं, घर असो की नोकरी. नोटिस पिरियड हा शब्द आपण रोज वापरतो, तरी मेल लिहिताना तो डोक्यात पेटत नाही. लिहायला हवं होतं, ‘आय नोटिस्ड अ डॅम्प पॅच ऑन द बाथरूम वॉल’. तेव्हापासून माझा नियम, कळवायचं असेल तर ‘लेट यू नो’, नोटिसला हातच लावायचा नाही. ‘प्लीज नोटिस अस बाय फ्रायडे’ लिहिणारेही यातच आले. त्यांना म्हणायचं असतं शुक्रवारपर्यंत कळवा, आणि वाचणाऱ्याला ऐकू येतं, शुक्रवारपर्यंत आमच्याकडे बघा ना हो!

एका मुलानं विचारलं, मॅडम नोटिस तर नाम आहे, त्याचं क्रियापद चालतं का? शाबास. अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन, त्यालाही ते खटकलं होतं. २६ डिसेंबर १७८९ च्या पत्रात त्यानं डिक्शनरीवाल्या नोआ वेब्स्टरकडे तक्रार केली की मी फ्रान्सला होतो तेवढ्यात लोकांनी नोटिस, ॲडव्होकेट, प्रोग्रेस या नामांची क्रियापदं केली, तुम्हालाही पटत असेल तर याला आळा घाला. कोणी ऐकलं नाही त्याचं. माझंही ऐकत नाहीत, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

दुसरी माझी लाडकी चूक आपल्या ‘लक्षात येणं’मुळे होते, कारण ते गोणपाटासारखं आहे, काहीही भरा. अर्ध्या रस्त्यात आठवलं की गॅस चालू राहिला, तर मुलं लिहितात ‘आय नोटिस्ड दॅट आय लेफ्ट द गॅस ऑन’. खजराण्याच्या रस्त्यावरून तुला तुझी शेगडी दिसली? ते रिमेंबर्ड, फार तर रियलाइझ्ड. माझी चाचणी गावठी आहे पण बहुतेक वेळा चालते, डोळा, कान, नाक यांपैकी काही लागलं का? जळका वास आला, नोटिस. विचार करता करता डोक्यात प्रकाश पडला, रियलाइझ.

आणि नुसतं दिसणं म्हणजेही नोटिस नाही. १९९९ चा सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे, व्हिडिओत खेळाडू किती वेळा बॉल पास करतात ते मोजायला सांगितलं, मधूनच गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं आणि जवळपास निम्म्या लोकांना पत्ताच नाही. गोरिला नजरेसमोर होता सगळ्यांच्या, नोटिस निम्म्यांनीच केला. (बघा, मीपण ‘केला’ म्हणाले.)

बाकीच्या भराभर. भारी वाटावं म्हणून नोटिसच्या जागी ऑब्झर्व ठोकू नका, ते मुद्दाम, लक्ष ठेवून बघणं आहे, पेशंटला ऑब्झर्वेशनमध्ये ठेवतात, नोटिसमध्ये नाही. ‘नोटिस अबाउट’, ‘नोटिस ऑन’ नाही, क्रियापदापुढे थेट वस्तू. ‘टेक नोटिस’ असेल तरच ‘ऑफ’. ‘आय नोटिस्ड हिम टू लीव्ह’ नाही, पूर्ण जाताना पाहिलं तर ‘हिम लीव्ह’, जाता जाता दिसला तर ‘हिम लीव्हिंग’. ‘इट हॅज कम टू माय नोटिस’ आपल्याला आवडतं कारण मराठीसारखं वाटतं, पण त्याला हेडमास्तरच्या मेमोचा वास आहे, शेजारच्या टेबलावरच्या मित्राला पाठवलंत तर त्याला घाम फुटेल. उच्चार नोटिस, नोटाइस नाही. नोटिसेबलच्या स्पेलिंगमध्ये ई राहतो, नोटिसिंगमध्ये जातो.

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची रील बघून येणाऱ्यांना हे सगळं कंटाळवाणं वाटतं. रिचर्ड श्मिट नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९९० मध्ये मांडलं की भाषेतली एखादी गोष्ट आधी लक्षात आली तरच ती शिकली जाते, आणि त्याला नाव काय, तर नोटिसिंग हायपोथेसिस. मी एवढंच करते, पोरांना पेपरातला एक इंग्रजी परिच्छेद हातानं उतरवायला लावते, रोज. दोन दिवस करतात, तिसऱ्या दिवशी फोटो काढून आणतात.

आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कोणीतरी कागद चिकटवलाय, ‘प्लीज नोटिस युवर शूज’. म्हणायचंय चपला-बुटांवर लक्ष ठेवा. ‘कीप ॲन आय ऑन’ लिहा म्हणून सेक्रेटरी काकांना दोनदा सांगितलं, ते म्हणाले, “लोकांना कळतंय ना?” गेल्या आठवड्यात त्यांचीच कोल्हापुरी गेली.