रॅम आणायला निघण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे हिशेब बघणारे काका गेल्या महिन्यात खिशात पैसे घालून पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत निघाले होते. संगणक सारखा 'बसतोय', आणि एका दुकानदाराने फोनवरच निदान करून टाकलं होतं : रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, वाढवा. म्हटलं, "काका, दहा मिनिटं थांबा. आधी कोण काय खातंय ते तरी बघू."

ही दहा मिनिटं कुणालाही घरी करता येतात. खाली सांगतोय ते विंडोज १० आणि ११साठी.

बघायचं ते अडकलेलं असतानाच. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार? रोज जे करता तेच सुरू करा : एक्सेल, ब्राउझरचे नेहमीचे पंधरा टॅब, व्हॉट्सॲप. गाडी रुतली की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडेल. खिडकी छोटी दिसली तर 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा.

प्रोसेसेसचं पान. वर सीपीयू (प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. 'मेमरी'वर क्लिक केलं की जास्त खाणारा वर येतो, मग 'सीपीयू'वर करून बघा. यादी सारखी वरखाली नाचते. कंट्रोल दाबून धरलं की ती थांबते, मग निवांत वाचा. एखादा प्रोग्रॅम दोन-चार सेकंद ८० टक्के सीपीयू घेऊन खाली आला तर ते त्याचं कामच आहे. पाच-दहा मिनिटं तिथेच चिकटून बसला, तर संशय घ्या. 'डिटेल्स'मध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसली म्हणून मात्र घाबरू नका. तेवढा प्रोसेसर रिकामा बसलाय, एवढाच त्याचा अर्थ. ती बंद कशी करायची, हे मला आजवर तिघांनी विचारलंय!

परफॉर्मन्स, मेमरी. खरी गंमत इथे आहे. 'इन यूज' म्हणजे वापरात असलेली, 'अव्हेलेबल' म्हणजे मागितली तर मिळणारी. 'कॅश्ड'चा आकडा मोठा असला तरी ती वाया गेलेली नसते. पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली असते आणि गरज पडली की सोडली जाते. लक्ष ठेवा 'कमिटेड'वर. तिथे दोन आकडे असतात, आणि पहिला दुसऱ्याच्या जवळ पोचला की मेमरीची खरी ओढाताण सुरू झाली. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवायला लागतं, म्हणून मेमरी आणि डिस्क एकत्र वाचायची. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे आणि डिस्कही १००वर असेल, तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मी मोकळी आणि तरी डिस्क १००वर अडकलेली असेल, तर दुखणं डिस्कचं.

काकांचं दुखणं हेच, डिस्कचं होतं. मेमरी ५५, सीपीयू १२, डिस्क १००. आत जुनी फिरती हार्ड डिस्क.

परफॉर्मन्स, सीपीयू. इथे एक चकवा आहे. आठ लॉजिकल प्रोसेसर (विंडोज प्रोसेसरचे जे भाग वेगवेगळे मोजतं ते) असले आणि एक प्रोग्रॅम त्यातल्या एकावरच अडकला, तर एकूण आकडा जेमतेम १२-१३ टक्के दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. एकच चौकट वरपर्यंत भरलेली दिसेल. काकांचे १२ टक्के मी असेच तपासले, एकही चौकट भरलेली नव्हती. भर कामात 'स्पीड' जर 'बेस स्पीड'च्या खाली घसरत असेल, तर आधी लॅपटॉपला चार्जर लावलाय ना ते बघा, मग पंख्यातली धूळ. एप्रिलच्या उन्हात गादीवर ठेवलेला लॅपटॉप दुसरं काय करणार?

तिथेच 'अप टाइम', म्हणजे विंडोज नव्याने सुरू झाल्यापासूनचा वेळ, वाचा. काकांचा २३ दिवस निघाला. "अरे, मी रोज रात्री बंद करतो!" खरंच करत होते. पण फास्ट स्टार्टअप, म्हणजे संगणक लवकर सुरू करायची विंडोजची सोय, चालू असेल तर 'शट डाउन'ने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही. त्याला 'रीस्टार्ट'च लागतं. आठवड्यातून एकदा करा.

उरलेलं पटकन. 'स्टार्टअप'मध्ये जाऊन आपोआप सुरू होणाऱ्यांतले नको ते प्रोग्रॅम 'डिसेबल' करा. प्रोसेसेसमध्ये अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच 'एंड टास्क' नको. आधी काम सेव्ह करा आणि नाव शोधून बघा. ब्राउझरच जड असेल तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, कोणता टॅब खातोय ते कळेल. मॅकवाल्यांनी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला 'मेमरी प्रेशर'चा आलेख बघावा : हिरवा असेपर्यंत चिंता नाही.

आणि एवढं करूनही रॅमच हवी असं ठरलं, तर मेमरीच्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड', म्हणजे रॅमच्या किती खाचा भरल्यात, ते वाचून घ्या, म्हणजे दुकानात उगाच विचारात पडायला नको. काकांकडे 'दोनपैकी एक' होतं. आम्ही फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. रॅमची दुसरी खाच अजून रिकामीच आहे.