ताडोबात वाघ नाही दिसला तरी कोण कोणाला खातं ते कसं ओळखायचं

सफारीत सगळ्यांचं लक्ष वाघाकडे, पण खरी गंमत खाली मातीत असते. आधी कडेची धूळ बघा, दुभंगलेला खूर उमटला असेल तर चितळ, सांबर किंवा गवा, म्हणजे बहुतेक वेळा शाकाहारी पार्टी. गोल पंजा आहे पण नखं उमटलेली नाहीत तर वाघ-बिबट्या, कारण ते चालताना नखं आत घेतात, आणि नखं दिसली तर रानकुत्राही असू शकतो. मग विष्ठा (गाडीतून उतरायचं नाही हं, गाइडला विचारा). चितळाच्या लेंड्या छोट्या, आत नुसता चोथा, वाघाच्या विष्ठेत मात्र केस आणि हाडांचे तुकडे, म्हणजे चक्क जेवणाचं बिलच. वानरं झाडावर दिसली की खाली चितळ शोधा, वानरं पाला-फळं अर्धवट खाऊन टाकतात ते यांना आयतं मिळतं, शिवाय वाघ आला की वरून ओरडतात म्हणजे पहारापण फुकट. अस्वलाला मांसाहारीत टाकू नका, ते वाळवी, मोहाची फुलं, मध सगळंच हाणतं. आणि वहीत अन्नसाखळीचा बाण काढताना गवताकडून चितळाकडे, चितळाकडून वाघाकडे, बरेच जण उलटा काढतात.