डाळिंबाचे दाणे घरी फ्रीज-ड्राय करताना या चुका टाळा

सोलापुरात भगवा जातीचं डाळिंब मिळायला अडचण नाही. अडचण येते ती फ्रीज-ड्रायरमध्ये, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवणाऱ्या यंत्रात, दाणा कुरकुरीत करताना, आणि जवळजवळ प्रत्येक नवशिक्या पहिल्याच पायरीवर चुकतो.

अख्खा दाणा यंत्रात घालू नका. दाण्याच्या पापुद्र्यातून वाफ सहज सुटत नाही. निर्वात दाबाखाली आतला बर्फ न वितळता थेट वाफ होतो. वाफेला वाट नसली की ट्रे तापताच दाणा फुटतो आणि रसाचा फेस ट्रेला चिकटतो. गोठवण्याआधी टोचा. बुचात सात-आठ सुया रोवून बूच दाण्यांवर दाबत गेलं की काम उरकतं. मिक्सरचा झटका देणारे बी फोडतात आणि तुरटपणा ओढवून घेतात.

डीप फ्रीजरच्या -18 अंश सेल्सिअसवर विसंबू नका. पाणी गोठतं तशी उरलेल्या रसात साखर दाटत जाते, आणि तो पाक त्या तापमानाला घट्ट होत नाही. यंत्राला -35 ते -40 पर्यंत जाऊ द्या, मगच हवा ओढून घेणारा पंप सुरू करा.

थर एकच. दाण्यांवर दाणे नकोत.

सगळ्यात महाग पडते ती घाई. जुळे सोलापुरातल्या एका घरी मे महिन्यात चोवीस तासांनी दाणे बाहेरून कोरडे, हलके, फिक्या गुलाबी रंगाचे दिसले. लगेच बरणीत भरले. तिसऱ्या दिवशी बरणीत एकच चिकट गोळा! गाभ्यात बर्फ शिल्लक होता. ट्रेच्या मधला दाणा फोडून ओठाला लावा. गार लागला तर काम बाकी आहे. मग ट्रे वजन करा, परत दोन तास चालवा, पुन्हा वजन करा. काटा हलला नाही तरच बाहेर काढा. दाण्यात साधारण 80 टक्के पाणी असतं, तेव्हा किलोचे सव्वादोनशे ग्रॅमहून जास्त भरले तर संशय घ्या. घड्याळावर कधीच भरवसा ठेवू नये.

पंपाचं तेल दुधाळ दिसलं की त्यात पाणी शिरलंय, बदला. वीज गेली आणि बर्फ वितळला तर ती खेप पुन्हा गोठवून वाचत नाही. त्या दाण्यांचं सरबत करा.

पावसाळ्यात ट्रे बाहेर काढण्याआधी पाकिटं उघडून, ती बंद करायचा सीलर तापवून ठेवा. उघडा दाणा हवेतली ओल लगेच ओढतो.