एफ-१ व्हिसावर कॅम्पसमध्ये काम करायचंय? मग हे आधी समजून घ्या

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांचा पहिला महिना डॉलरचे रुपये करण्यात जातो. कॉफीचा कप उचलतानाही मनात गुणाकार चालू असतो. अशात एखादा सिनियर सांगतो, 'डायनिंग हॉलमध्ये माणसं हवी आहेत, अर्ज टाक.' अर्ज जरूर टाका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसमध्ये काम करायला पहिल्या सत्रापासून मुभा आहे. वर्षभर थांबायची अट बाहेरच्या कामाला आहे.

पण हिशेब आधीच करून ठेवा. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच आहे. बऱ्याच राज्यांत ते जास्त आहे, तरी या दराने आठवड्याचे २० तास म्हणजे १४५ डॉलर. यात किराणा आणि फोनचं बिल निघेल. फी निघणार नाही. घरी आई-बाबांना 'तिकडे कमवेन' असं सांगून कर्जाची रक्कम कमी ठेवली असेल, तर तो आकडा आत्ताच सुधारा.

१. 'कॅम्पस' कशाला म्हणायचं ते बघा

लायब्ररी, लॅब, जिम, विभागाचं कार्यालय इथलं काम सरळ बसतं. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांना सेवा देणाऱ्या खासगी कंपनीचं कामही चालतं, उदाहरणार्थ पुस्तकांचं दुकान किंवा कॅफेटेरिया. मात्र त्याच आवारात नवी इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे काम केलं तर ते कॅम्पसवरचं काम ठरत नाही, कारण ती सेवा विद्यार्थ्यांसाठी नाही. शंका असेल तर डीएसओला, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, ईमेलवर विचारा. तोंडी नको. उत्तर जपून ठेवता आलं पाहिजे.

२. तास स्वतः मोजा

गाडी अडते ती इथे. सत्र चालू असताना आठवड्याला कमाल २० तास, आणि ते सगळ्या कामांचे मिळून. लायब्ररीत १२ आणि डायनिंगमध्ये ८ झाले की कोटा संपला. मग शुक्रवारी सहकारी म्हणते, 'आज माझी शिफ्ट घेशील का, फक्त तीन तास?' भिडेखातर हो म्हणालात की झाले २३. गेल्या आठवड्यात १५च भरले होते ही सबब चालत नाही, कारण सरासरी काढली जात नाही. दोन विभागांचे मॅनेजर एकमेकांचं वेळापत्रक बघत नाहीत, त्यामुळे बेरीज तुम्हालाच करावी लागते. तुमच्या विद्यापीठात आठवडा कोणत्या वाराला सुरू होतो हेही पगार विभागाला विचारून घ्या.

असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायचं विद्यापीठातलं काम, २० तासांची असेल तर वर एक तासही घेता येत नाही. परीक्षेचा आठवडा सुट्टीत धरू नका. खऱ्या सुट्टीत मात्र पूर्णवेळ काम करता येतं, पुढच्या सत्राला नाव नोंदवणार असाल तर.

३. कागद या क्रमाने

आधी नोकरीची ऑफर. मग दोन पत्रं: एक काम देणाऱ्या विभागाचं, एक डीएसओचं. ती, पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जायचं आणि पगार व करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरसाठी एसएस-५ अर्ज भरायचा. पैसे लागत नाहीत. अमेरिकेत उतरल्या उतरल्या धावू नका, तुमच्या प्रवेशाची नोंद यंत्रणेत दिसायला काही दिवस लागतात. काम सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधीही हा अर्ज घेत नाहीत. नंबर यायचा बाकी असला तरी काम सुरू करता येतं. उलट नंबर हातात आहे म्हणून कुठेही काम करता येत नाही. कार्डावरच तसं छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण!

कामावर रुजू झालात की आय-९ फॉर्म, म्हणजे तुम्हाला काम करायची परवानगी आहे हे मालकाला दाखवणारा. त्यातला तुमचा भाग पहिल्याच दिवशी भरायचा आणि तीन कामकाजी दिवसांत मूळ कागद दाखवायचे.

४. पगाराची चिठ्ठी वाचा

एफ-१ विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरला जातो, आणि तेवढा काळ सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची (निवृत्तिवेतन आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्यासाठीची) ७.६५ टक्के कपात त्याला लागू नसते. तरी ती कापली गेली असेल तर आधी पगार विभागाकडेच परत मागा. आयकर मात्र लागतो. त्याचं विवरणपत्र १०४०-एनआर, सोबत फॉर्म ८८४३ (अमेरिकेतले तुमचे दिवस करासाठी मोजू नयेत असं कळवणारा), मुदत १५ एप्रिल. भारत-अमेरिका कर करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. बाकीच्या बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, त्यामुळे चिनी रूममेटचा फॉर्म समोर ठेवून आपला भरू नका. वर्षभर एक डॉलरही कमावला नसेल तरी ८८४३ भरावाच लागतो.

५. 'रोख देतो' म्हणणाऱ्या काकांना नाही म्हणा

देशी रेस्टॉरंट किंवा किराणा दुकानाचे मालक प्रेमळ असतात. 'बाळा, शनिवार-रविवार ये, जेवण आपलंच, पैसे हातात.' पण रोख घेतलं तरी ते कामच, आणि परवानगी नसलेलं. ॲपवरून जेवण पोचवणं किंवा ओळखीच्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळणं हेही त्यातच आलं. खोलीत बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करत राहणंही धोक्याचंच, 'पगार तर रुपयांत येतो' या भरवशावर राहू नका. अशा कामामुळे सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतली तुमची नोंद रद्द होऊ शकते. एरवी विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा गेला तर तो पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण विनापरवाना काम केलेलं नसावं ही त्या अर्जाचीच एक अट आहे. म्हणजे परतीचं दारही बंद.

बाहेर काम हवंच असेल तर एक शैक्षणिक वर्ष पुरं झाल्यावर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्रशिक्षण) आणि ओपीटी (शिक्षणाच्या विषयातलं ऐच्छिक प्रशिक्षण) असे रस्ते आहेत. एकाच पातळीवरच्या शिक्षणात १२ महिने किंवा जास्त पूर्णवेळ सीपीटी केलं, तर त्या पातळीवरचं ओपीटी मिळत नाही एवढं लक्षात असू द्या.

विद्यापीठ बदलत असाल तर सेव्हिस नोंद ज्या तारखेला नव्या ठिकाणी जाते, त्या तारखेपासून जुन्या कॅम्पसवरचं काम थांबवा. तुमची पुढची शिफ्ट वेळापत्रकात लागलेली असली तरीही.