प्रोटीन आरएनएला कुठं धरतं? साध्या लॅपटॉपवर अंदाज बांधायचा असेल तर

सुरुवात आरबीफॉक्स२ या प्रोटीनपासून करा. त्याला टीजीसीएटीजी ही सहा अक्षरं प्रिय (आरएनएत टीच्या जागी यू असतो, पण फाइलींत टीच दिसेल), त्यामुळे गडबड झाली की लगेच पकडता येते.

एनकोड या खुल्या जिनोम-माहितीसंग्रहावरून के५६२ (माणसाच्या रक्तकर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशींचा ईक्लिप डेटा घ्या. ईक्लिप म्हणजे प्रोटीन आरएनएला कुठं चिकटलंय ते शोधणारा प्रयोग. दोन्ही रेप्लिकेट (तोच प्रयोग दोनदा केलेला) जुळवून गाळलेली, एचजी३८ या मानवी जिनोम-आवृत्तीवरची पीक्सची, म्हणजे प्रोटीन चिकटल्याच्या जागांची फाइल हवी. सातव्या रकान्यात लॉग२ पट (कंट्रोलपेक्षा सिग्नल किती पट जास्त), आठव्यात उणे लॉग१० पी (जितका मोठा तितकी खात्री जास्त). दोन्ही ३ किंवा जास्त असलेल्या ओळीच ठेवा. जिनोमची फाइल उघडल्यावर ३ जीबीच्या वर जाते. नांदेड-लातूरकडं मधेच लाइट जाते, म्हणून ती डब्ल्यूगेटनं डॅश सी लावून उतरवा. तुटली तिथून पुढं चालू होते.

आता खरं काम. प्रोटीन जिथं चिकटतं ती जागा बहुधा पीकच्या ५ प्राइम टोकाशी (आरएनएच्या सुरुवातीकडच्या बाजूला) असते, मध्यावर नाही. त्या टोकाभोवती १०१ अक्षरं कापा. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी (स्ट्रँड) अधिक स्ट्रँडवर हे टोक म्हणजे फाइलीतला 'स्टार्ट'. उणे स्ट्रँडवर मात्र 'एंड'. अक्षरं कापणाऱ्या बेडटूल्स प्रोग्रॅमच्या गेटफास्टा कमांडला डॅश एस द्यायचं विसरलात तर तो सगळं अधिक स्ट्रँडवरूनच वाचतो, आणि एररही देत नाही. म्हणून मोजून बघा: टीजीसीएटीजीच्या बरोबरीनं सीएटीजीसीए (त्याचंच उलट्या स्ट्रँडवरचं रूप) दिसायला लागलं, की स्ट्रँड चुकलाच समजा. शिवाय रिपीटमधली (जिनोममध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांतली) अक्षरं लहान लिपीत असतात. ती मोठी केली नाहीत तर वन-हॉटमध्ये (अक्षरांचे ०-१ आकडे करताना) तिथं नुसती शून्यं भरतात.

निगेटिव्ह नमुने (प्रोटीन न चिकटलेले तुकडे) जिनोममधून कुठूनही उचलू नका. मॉडेल प्रोटीन सोडून 'जीन आहे की नाही' एवढंच शिकेल. ज्या जीनमध्ये पीक आहे त्याच जीनमधून, इंट्रॉनला (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) इंट्रॉन, यूटीआरला (टोकाचा, प्रोटीन न बनवणारा भाग) यूटीआर असे तुकडे घ्या, जी आणि सी अक्षरांचं प्रमाणही जुळवा. पीक नसलेला जीन टाळाच. तो त्या पेशीत बंद असू शकतो. म्हणजे प्रोटीन तिथं बसत नाही असं ठरत नाही.

क्रोमोझोम ८ आणि ९ चाचणीला बाजूला काढा. सरसकट पत्त्यांसारखं पिसलं तर एकमेकांवर चढलेले तुकडे दोन्हीकडं जातात नि गुण फुगतात.

मॉडेलचं फार कौतुक नको. आधी सहा-सहा अक्षरांची मोजणी (४,०९६ रकाने) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही ठरवणारं साधं मॉडेल). नंतर हवं तर एका थराचं सीएनएन (नमुने ओळखणारं न्यूरल नेटवर्क), दर एपॉकनंतर (सगळ्या डेटावरच्या एका फेरीनंतर) वजनं, म्हणजे मॉडेलनं शिकलेले आकडे, सेव्ह करत. निगेटिव्ह जास्त असतील तर प्रिसिजन-रिकॉल आलेखाखालचं क्षेत्रफळ पाहा (सांगितलेल्यातले बरोबर किती, खऱ्यांपैकी सापडले किती), आरओसी हा दुसरा नेहमीचा आलेख फसवतो. मग चाचणीतल्या तुकड्यांत टीजीसीएटीजीचं टीजीएसीटीजी करून स्कोअर काढा. तो पडलाच नाही, तर मॉडेल भलतंच काही शिकलंय. परत निगेटिव्हकडं जा.

परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कुणाला हेच मॉडेल तुरीवर चालवावंसं वाटेल. तसं करू नका. ते माणसाच्या पेशींवर शिकलेलं आहे, आणि वनस्पतींचे इंट्रॉन यू-एनं भरलेले असतात. पद्धत उचला, वजनं नाही.