वणव्यानंतरचं जंगल टिपायचं असेल तर

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे वणव्याचा हंगाम आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. वनविभागाच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा काळ, आणि फोटोग्राफरच्या लेखी हेच महिने पोटापाण्याचे. म्हणून नव्याने येणाऱ्यांना आधीच सांगतो, लग्नाच्या ऑर्डरी सोडू नका. जळालेल्या रानाच्या फोटोंवर घर चालत नाही. सोय एवढीच की आपल्याला ज्वाळा टिपायच्या नाहीत. आपलं काम आग विझल्यावर सुरू होतं आणि पुढे काही वर्षं चालतं.

आपला वणवा कसा असतो ते आधी समजून घ्या. परदेशातल्या बातम्यांत शेंड्यापर्यंत पेटलेली झाडं दिसतात, तसं इथे सहसा होत नाही. आपल्या पानगळीच्या रानात आग जमिनीलगत पळते. सागाचा पाचोळा, कुसळी गवत, वाळका बांबू खात जाते. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पानं लवकर यावीत म्हणून झुडपं जाळतात, आणि वारा सुटला की ती आग कुणाच्याच हातात राहत नाही. मोठी झाडं बहुधा तगतात. मरतं ते गुडघ्याखालचं: रोपं, गवत, जमिनीवरची अंडी, किडेमुंग्या. त्यामुळे एप्रिलमध्ये टेकडीवरून काढलेल्या फोटोत जळालेलं आणि न जळालेलं रान सारखंच निष्पर्ण दिसतं. कॅमेरा खाली उतरवावाच लागतो.

जागा निवडताना व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरचा, म्हणजे आतल्या गाभ्याच्या रानाचा, नाद सोडा. ताडोब्याचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो, आणि रान सर्वांत जोमाने उगवतं ते याच दिवसांत. त्यापेक्षा प्रादेशिक वनविभागातला एखादा कक्ष, म्हणजे क्रमांक दिलेला जंगलाचा तुकडा, बघा. त्यासाठी उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज करा आणि त्या बीटच्या, म्हणजे गस्तीच्या हद्दीच्या, गार्डशी ओळख ठेवा. कुठला पट्टा कोणत्या साली जळाला हे त्याला तोंडपाठ असतं. किंवा ग्रामसभेच्या सामूहिक हक्काचं जंगल घ्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, त्यानंतर अनेक गावांना मिळाला. तिथे परवानगी सभेत बसून मागायची, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत थांबायची तयारी ठेवायची. आग कुठे लागली हे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केली तर मोबाईलवर कळतं. पण उपग्रहाचा ठिपका शेकडो मीटरचा असतो, नेमकी जागा पायीच शोधावी लागते.

आता मुख्य कसब. एकच जागा, एकच चौकट, पुन्हा पुन्हा. मोबाईलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे करतो, त्याच्यावर विसंबू नका. हद्दीचा मुनारा किंवा मोठा खडक धरून उभे राहा. पहिल्या फोटोची प्रिंट हातात घ्या, आणि जवळचं खोड व मागच्या टेकडीची कड यांचा मेळ बसेपर्यंत पाय सरकवा. खुणेला अर्धवट जळालेलं झाड घेऊ नका, पहिल्या वादळात ते आडवं होतं. लेन्स तीच, उंची तीच, वेळ साधारण तीच. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर राखेचा काळा आणि आषाढातला हिरवा, दोन्ही रंग कॅमेरा आपल्या मनाने बदलतो. काळ्या जमिनीपुढे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो उजळ येतो. एक्स्पोजर उणे पाऊण ते एक स्टॉप द्या. आणि राखेत उभं राहून लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

पहिला फोटो शक्यतो पहिल्या पावसाच्या आधीचा हवा. भर मे महिन्यात, पाण्याचा थेंब नसताना, तेंदू मुळातून तांबूस पानं काढतो. जळक्या सागाच्या बुंध्याशी अगदी मातीला टेकून फुटवा येतो; त्याचं कोवळं पान चोळलं तर बोटं लाल होतात. काळी साल, तांबूस पान, मध्ये राखेची कड, हा फोटो पोटावर पडूनच निघतो. मृगात राखेवर मखमली लाल किडे फिरतात. मग बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब.

आणि जुलैत सगळं हिरवंगार होतं. नवखे इथेच फसतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोडी लावली की वाहवा मिळते, पण जवळ जाऊन बघा काय हिरवं आहे ते. तरोटा, रानतुळस, रायमुनिया, सगळी तणं. हे सावरणं नव्हे, हा रिकाम्या जागेचा ताबा आहे. मी सुतळीचा एक मीटर चौकोन जमिनीवर टाकतो आणि बरोबर वरून फोटो घेतो, दरवेळी त्याच ठिकाणी. त्यात साग, ऐन, मोहाची रोपं आहेत का, आणि पुढच्या हंगामात तीच टिकली का, हे बघायचं. दरसाल जळणाऱ्या पट्ट्यात सागाचा फुटवा बोटाएवढा दिसतो, पण मुळाशी माती उकरली तर मनगटाएवढं जुनं खोडकं निघतं. कितीदा जळून कितीदा फुटलं असेल! माझ्या मते या कामातला सर्वांत बोलका फोटो तोच, आणि तो लांबून कधीच मिळत नाही.

एकटं जाऊ नका. वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसू शकतो, म्हणून तुम्ही चौकोनावर वाकलात की सोबत्याने उभं राहून चौफेर नजर ठेवायची. जळालेल्या मुळांच्या जागी पोकळ भोकं राहतात आणि आतली राख बरेच दिवस गरम असते, तेव्हा काठीने चाचपून पाय टाका.

मोह वेचणाऱ्या बायांचे चेहरे जळक्या रानाच्या फोटोत घेऊ नका. आग कुणी लावली ते तुम्हाला ठाऊक नसतं, फोटो मात्र बोट दाखवून मोकळा होतो.

फाईलच्या नावात तारीख, कक्ष क्रमांक आणि दिशा लिहा. वहीत नक्षत्र आणि पाऊस. नियतकालिकं आणि संशोधक तुमच्याकडे येतील ते एकट्या सुंदर फोटोसाठी नाही, नोंदीसकट असलेल्या मालिकेसाठी. एक संच गार्डकडे आणि एक ग्रामसभेत द्या. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, कुठून काढायची यावर हिवाळ्यात चर्चा होते, तेव्हा ते फोटो टेबलावर आलेले मी पाहिले आहेत.