आरमारी तलवारींची पुस्तकं घेताय? या चुका टाळा

खंडेनवमीला आमच्या देवघरातली तलवार खाली निघते. लांब सरळ पातं, मुठीवर शेंदराचे थर. घरात सगळे सांगतात, "आंग्र्यांच्या आरमारातली हो ही!" ते ताडून बघायला मी पुस्तकं जमवायला लागलो आणि पहिली दोन-तीन वर्षं भलतीच जमवली.

पहिली चूक म्हणजे 'कटलस' या एकाच शब्दावर सगळा शोध. कटलस हे खलाशांना जहाजावर वाटायचं सरकारी हत्यार. ब्रिटिशांचं १८०४ चं कटलस बघा: सुमारे २९ इंची सरळ पातं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी लोखंडी परज, म्हणजे मुठीवरची हात वाचवणारी आड (आपला ८ नव्हे, नाहीतर घोटाळा). ठरलेला नमुना, त्यामुळे पुस्तकात पटकन सापडतो. अशा तलवारींसाठी मे आणि ॲनिस यांचं 'स्वोर्ड्स फॉर सी सर्व्हिस' घ्या. १९७० चे दोन खंड आहेत, जुन्या बाजारात सुटा एकच गळ्यात मारतात. गिल्करसन यांच्या 'बोर्डर्स अवे'चा पहिला भाग पात्यांचा, दुसरा बंदुका-पिस्तुलांचा. मी आधी दुसरा मागवला होता.

विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला १७५६ साली. त्या लढाईच्या चित्रात कुणाच्या हाती १८०४ चं कटलस दिसलं, तर पुस्तक गुपचूप फळीवर ठेवावं.

आता खरी गोची. "आमची तलवार कुठल्याच पुस्तकात नाही" असं वाटलं, तर पातं आणि मूठ वेगवेगळ्या पुस्तकांत शोधा. कोकणात युरोपातून आलेली पाती उतरायची आणि त्यांवर इथली मूठ चढायची. तीच फिरंग. आरमारी पुस्तकात ती मूठ नसते, आणि आपल्याकडच्या शस्त्रांच्या पुस्तकात पात्याला दोन ओळी मिळतात. तेलाच्या बोळ्याने शेंदूर पुसला तेव्हा आमच्या पात्यावर रोमन अक्षरं निघाली: 'आंद्रेआ फेरारा'. इटलीचा नामांकित कारागीर! आठवडाभर मी हवेत होतो. मग एका पुस्तकातल्या, पात्यांवर ठोकलेल्या छापांच्या तक्त्याने जमिनीवर आणलं: हे नाव जर्मनीत सोलिंगेनचे लोहारसुद्धा सर्रास ठोकायचे. इटलीतल्या जिनोव्हाची कोयत्यासारखी खूणही आपल्याकडे नकलली गेली. म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी छापांची रेखाटनं आहेत का ते बघतो, मग पात्याची मापं, मग ती वस्तू कुठल्या संग्रहात आहे ते. नुसते चकचकीत फोटो असतील तर पैसे जपून ठेवा.

मुठीसाठी भारतीय शस्त्रांवर लिहिणारा एगर्टन अजून कामाला येतो. फक्त त्याचं १८८० चं पुस्तक १८९६ साली वाढवून वेगळ्या नावाने निघालं, तेव्हा दोन्ही विकत घेऊ नका, नंतरचंच पुरे. महागडं काही मागवण्याआधी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात चाळायला मिळतं का विचारा. ती सोसायटीही १८०४ चीच, कटलसच्या वयाची.

आमचं पातं युरोपातलं, मूठ मराठा घडणीची, इथवर पोचलोय. आंग्र्यांचा पुरावा मात्र कुठे मिळाला नाही. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.